प्रमाणपत्रापलीकडची सेवा



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी कोणीतरी पालक विचारतात, "बाई, रुग्णालयातील सेवेचे प्रमाणपत्र मिळेल का? मेडिकलला उपयोगी पडेल." मी स्पष्टच सांगते. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश 'नीट'च्या ७२० गुणांवर ठरतो. सेवेला वा संशोधनाला त्यात एकही गुण नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथील सामायिक अर्जात १५ पर्यंत अनुभव नोंदवता येतात. पण तो प्रवेश पदवीनंतरचा. शाळेतील चार दिवसांच्या प्रमाणपत्राचे तेथेही फारसे मोल नाही.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पूर्वी प्रवेशपरीक्षेतच गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. 'नीट' आली आणि ती गेली. आश्रमातील शिबिर आणि खेड्याशी जोडणारा उपक्रम मात्र प्रवेशानंतर होतो. जे निवडीपूर्वी पारखले जाई, ते आता निवडीनंतर रुजवावे लागते.

माझी एक चूकही सांगते. आपली एक विद्यार्थिनी दर शनिवारी धर्मादाय दवाखान्यात जाई. केसपेपर लिही, वृद्धांशी बोलत बसे. अकरावीत मीच तिला ते सोडायला लावले. प्रवेश मिळाला. पुढे तिने लिहिले, "बाई, पुस्तकाची भीती वाटत नाही, रुग्णाशी बोलायची वाटते."

त्या पत्राला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. नववीच्या मुलांचा शनिवार मात्र पुन्हा सुरू केला आहे. प्रमाणपत्र मिळणार नाही, हे पालकांना आधीच सांगते. आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार या मुलांना द्यावा.