दारातल्या हौदात कुमुदिनी

आम्ही कवठे येमाईच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

नर्सरीत जिला वॉटर लिली म्हणतात ती कुमुदिनी आम्ही शेततळ्यात लावणार होतो. फुलं येमाईला वाहू, उरतील ती विकू, असा बेत होता. पण गटातल्या एकीचा नातू चेंडू काढायला गेला आणि तळ्यात घसरला. प्लास्टिकच्या कागदावर पायच ठरेना. बांधावर माणसं होती म्हणून दोर टाकून त्याला ओढला. त्या दिवशी आम्ही ठरवलं, फूल बघून लेकरू जिथं वाकेल तिथं खोल पाणी नको. तळ्याला कुंपण, कडेला गाठी मारलेला दोर कायमचा, आणि कुमुदिनी दारातल्या हौदात.

आणताना ओळखून आणा. कमळाची पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदिनीचं पान तरंगतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नका, ती सगळं पाणी व्यापते.

थंडी सरली की लावा. पसरट घमेलं घ्या. तळाशी मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत, त्यावर शेतातली चिकण माती. ताजं शेण घातलं तर पाणी नासतं. गड्डा मातीत दाबा, कोंब उघडा ठेवा. वर बारीक खडी पसरा, म्हणजे माती उठत नाही. आधी मातीवर चार बोटं पाणी ठेवा. पानं वाढतील तसं वाढवत फूट-दीड फुटापर्यंत न्या. हौदावर रोज पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत पानंच येतात, फुलं नाहीत.

पिवळी पानं देठासकट काढा. निम्म्याहून जास्त पाणी पानांनी झाकलं की गड्डे वेगळे करून शेजारणीला द्या. पानांच्या सावलीत शेवाळ कमी धरतं. उन्हाळ्यात आटेल तेवढंच पाणी भरा, पण साबणाचं नको.

साचल्या पाण्यात डास होतात, म्हणून गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारा. हे मासे ओढ्या-नदीत मात्र टाकू नका.

आणि हौद उथळ आहे म्हणून बिनघोर राहू नका. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. हौदावर मजबूत जाळी बसवा, फुलं तिच्यातूनही दिसतात.

आज संध्याकाळी आपापल्या शेततळ्यावर एक चक्कर मारा. दोर बांधलेला आहे का, तेवढं बघून या. कुमुदिनी त्यानंतर लावा.