कायद्याची सीईटी : आधी नियम वाचा

मेडशीतल्या, मालेगाव तालुक्यातल्या ज्या मुलामुलींना बारावीनंतर वकील व्हायचंय, त्यांच्याशी आज बोलायचंय. फर्डं इंग्रजी नाही, शहरातला क्लास परवडत नाही, म्हणून हा विचार सोडू नका. राज्याच्या सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीच्या या परीक्षेत १२० प्रश्न, १२० गुण आणि वेळ दोन तास. विधी अभियोग्यतेला ३२ गुण, तर्कशक्तीलाही ३२. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण याच दोन भागांचे, आणि ते नुसत्या पाठांतरावर मिळत नाहीत. सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४, गणित ८.

विधी अभियोग्यतेचा एक प्रश्न सोडवून बघू. नियम असा : अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक नसतो. घटना : सतरा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याची बैलजोडी घ्यायचं ठरवलं, कागदावर सही केली आणि नंतर नकार दिला. शेजाऱ्याला करारानुसार पैसे मागता येतील का? आपलं मन म्हणतं, शब्द दिला तर तो पाळलाच पाहिजे. पर्यायांतही ‘हो, कारण त्याने सही केली’ असं लिहिलेलं असतं. पण दिलेल्या नियमात सहीला महत्त्वच नाही, वयाला आहे. उत्तर : नाही. आधी नियम, मग घटना, आणि स्वतःचं मत बाजूला. ही सवय रोजच्या सरावानेच लागते.

सोबत संविधानातले मूलभूत हक्क नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, असे बदल टिपून ठेवा. रोजचं वर्तमानपत्र सोडू नका. घरातला सात-बारा, फेरफार, इसारपावती काढून वाचा. कायद्याची भाषा तिथूनच ओळखीची होते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आपल्या सीईटीत तसं नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अडलात तर पुढे चला, शेवटी परत या.

प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला बारावीत ४५ टक्के लागतात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र लागणार असेल तर निकालाची वाट न पाहता आताच तहसीलला अर्ज करा. अभ्यास करूनही दाखल्यापायी प्रवेश हुकला, असं तुमच्या बाबतीत होऊ देऊ नका.