पुढे गेलेल्याने थांबायचं
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा जानेवारीत मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र बेळगावहून गणेशगुडीला काळी नदीत कयाक चालवायला गेलो. पावसाळा नसतानाही तिथे नदी उसळते, कारण सुपा धरणाच्या वीजगृहातून पाणी सुटतं. नोकरीत पाण्याचे आकडे लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. अशा पाण्यात उतरलो मात्र पहिल्यांदाच.

दोन दिवस संथ पाण्यात शिकलो, तिसऱ्या दिवशी प्रवाहात. कयाक एकट्याची, दुसरा कुणी ती वल्हवू शकत नाही. मित्र पुढे होता. दुसऱ्याच उसळीला माझी होडी उलटली. कमरेभोवतीचं आवरण ओढून कसाबसा बाहेर आलो आणि उभा राहायला गेलो.

"पाय वर!" मित्र ओरडला.

खडकांच्या फटीत पाय अडकला, तर प्रवाहच माणसाला पाण्याखाली दाबतो. म्हणून उताणं व्हायचं आणि पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे. तसा वाहत गेलो. मित्र मोठ्या खडकाआडच्या शांत पाण्यात थांबला होता. खडकावर चढून त्याने दोर फेकला.

काठावर मी म्हणालो, "तू थांबलास म्हणून वाचलो रे."

"आपलं ठरलंच होतं ना? पुढे गेलेल्याने थांबायचं."

मुलांनो, विसर्जनाला पाण्यात एकट्याने उतरू नका. काठावर एकजण दोर घेऊन थांबू दे. थांबणाऱ्याचंही ते विसर्जनच.

गणपती बाप्पा मोरया!