वाघाची मावशी आपल्या घरी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



विणकाम आणि पाककृती सोडून ही बाई मांजरावर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपल्या आळीत घरोघरी मांजरे आहेत आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारीही आहेत. म्हणून माझीच एक चूक आपल्यापुढे ठेवते.

आमचा बंड्या बोका एके दिवशी गादी ओली करू लागला. मी त्याला रागे भरले, फटकाही दिला. दुसऱ्या दिवशी तो वाळूच्या घमेल्यात नुसता कुंथत बसे. मला वाटले, पोट साफ होत नसेल. एरंडेल देणार होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, घरचे औषध कसले करतेस? आधी डॉक्टरांकडे ने." पशुवैद्यांनी पोट चाचपून सांगितले, "लघवीची वाट तुंबली आहे." बोक्याची ही नळी अरुंद असते. ती बंद झाली तर एकदोन दिवसांत जिवावर बेतते. बंड्या वाचला, पण आजारी जिवाला मी शिक्षा केली, ही खंत राहिली.

तेव्हापासून मांजराने काही विपरीत केले की आधी मी कारण शोधते. बहुतेक वेळा तो खोडकरपणा नसतो. आजार असतो किंवा जातीचा स्वभाव.

खुर्ची ओरबाडते ते नखांवरची जुनी टरफले काढण्यासाठी, अंग ताणण्यासाठी आणि पंजाचा वास मागे ठेवण्यासाठी. त्या खुर्चीशेजारीच काथ्याची दोरी गुंडाळलेला, न डगमगणारा उंच खांब उभा करा. पहाटे धावपळ करते, कारण तिन्हीसांजा आणि पहाट या तिच्या शिकारीच्या वेळा. रात्री जेवणाआधी दोरीला चिंधीचा उंदीर बांधून खेळवा, शेवटी तो तिला पकडू द्या, मग खायला घाला. खेळ झाला की दोरी मात्र उचलून ठेवा. ती गिळली तर आतडी कापली जातात. कपाटावर बसते तर बसू द्या. उंचावर तिला निर्धास्त वाटते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडकीला जाळी लावावी. घमेली मांजरांपेक्षा एक जास्त असावीत, आणि ती जेवणाच्या जागेपासून दूर ठेवावीत.

आता आपला दूधभात! वाघाच्या मावशीला तो पुरत नाही. टॉरीन नावाचे द्रव्य तिला मांसमासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर डोळे अधू होतात, आणि हृदयही दुबळे होते हे 1987 मध्ये सिद्ध झाले. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. शाकाहारी घरांनी मांजरांसाठीचे तयार खाणे आणावे, आणि पाणी भरपूर ठेवावे. आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एकीनेही जीव जाऊ शकतो.

भगिनींनो, बोलता न येणारे तान्हे मूल रडले तर आपण त्याला मारत नाही. काय दुखते ते पाहतो. मांजरालाही तेवढेच हवे आहे. बोका घमेल्यात कुंथत असेल आणि थेंब पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. एवढे एक जरी आपण लक्षात ठेवलेत, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले.