प्रिंटर बंद आहे, बघू उद्या
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आजच्या दिवशी गोड बोलावं अशी रीत आहे. पण माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मला हिशेबाचंच बोलता येतं. पाच मिनिटं सहन करा.

फेब्रुवारी २०१६. ढाक्याच्या बांगलादेश बँकेत, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेत, परदेशी व्यवहारांच्या नोंदी छापणारा प्रिंटर एका शुक्रवारी बंद आढळला. प्रिंटर काय, बिघडतोच, बघू उद्या, असं झालं. प्रत्यक्षात चोर संगणकात शिरले होते. आदल्या रात्रीच न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे बँकेच्या नावाने ३५ खोटे आदेश गेले होते, सुमारे ९५ कोटी डॉलरचे! बहुतेक अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार. चोरांनी कॅलेंडर नीट वाचलं होतं.

ही बातमी जगभर छापून आली. अडीच वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या यंत्रणेत शिरून, नकली कार्डांनी, देशोदेशी पैसे काढले गेले. सुरुवात कधी? ११ तारखेला, दुसऱ्या शनिवारी.

कोणाला दोष द्यायला हे सांगत नाही. संस्था म्हटली की स्वभाव सारखाच. ‘आजवर काही झालं नाही’ हाच सुरक्षिततेचा दाखला धरला जातो. सुरक्षेचा खर्च जमाखर्चात दिसतो, टळलेलं नुकसान दिसत नाही. सावध करणारा कटकट्या ठरतो. आणि दुसरीकडे चोरी झाली की ‘त्यांचा कारभारच ढिला’ म्हणून आपण मोकळे!

आता आपल्या घरात पाहू. चेकवर दोन सह्या हव्यात, हा नियम आपण पाळतो. पण नेट बँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी एकाच व्यक्तीच्या मोबाईलवर असेल, तर दुसऱ्या सहीला अर्थ काय उरला? तो मोबाईल शनिवारी रात्री हरवला, तर बँकेला फोन कोणी करायचा आणि कोणत्या नंबरवर?

म्हणून एक सूचना मांडतो. कमिटीच्या दर सभेत एक विषय कायमचा ठेवा : ‘या महिन्यात बारीकसं काय बिघडलं आणि का?’ लिफ्टचा नवा आवाज, सीसीटीव्हीची काळी स्क्रीन, बँकेचा न आलेला एसएमएस. उत्तर इतिवृत्तात लिहा. ‘नोंद घेतली’ एवढंच नको. काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, तेही लिहा. पुढच्या सभेत आधी ते वाचा, मग चहा.