पहिला संस्कार आतड्यातला



दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी आणि धान्याच्या पोत्यांसोबत तान्ही बाळेही निघतात. पुढे कित्येक महिने कोपी हेच त्यांचे घर. याच काळात त्या बाळांच्या देहात एक मोठे कार्य चालू असते आणि त्याची वार्ता बहुधा कोणालाच नसते.

नवजात बालकाची प्रतिकारशक्ती अननुभवी असते. शत्रू कोणता आणि मित्र कोणता, हे तिला शिकावे लागते. या शिक्षणाची मोठी शाळा म्हणजे आतडे. कारण प्रतिकारक पेशींचा फार मोठा भाग त्याच्या भिंतीलगत वसलेला असतो. तेथील शिक्षक म्हणजे जिवाणू. नैसर्गिक प्रसूतीत त्यांची पहिली तुकडी मातेकडूनच येते. पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही प्रतिकारयंत्रणा अर्धविकसित राहते, असे प्रयोगांत दिसले आहे.

फ्रेंच वैद्यक हेन्री टिसिए यांना १८९९ मध्ये स्तनपान करणाऱ्या बालकांच्या विष्ठेत बायफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू आढळला. मातेच्या दुधात काही शर्करा अशा असतात की, त्या बाळाला पचतच नाहीत. निसर्गाने त्या योजल्या आहेत या जिवाणूंसाठी! त्यांवर पोसलेले जिवाणू आम्ले निर्माण करतात आणि घातक जंतूंना थारा मिळत नाही. म्हणजे माता एकाच वेळी बाळाचे आणि त्याच्या रक्षकांचेही पोषण करते.

म्हणूनच पहिले चिकाचे दूध पिळून टाकणे, मध किंवा घुटी चाटवणे, सहा महिन्यांच्या आत वरचे पाणी पाजणे, या गोष्टी निरुपद्रवी नाहीत. साध्या सर्दीवर दुकानातून आणलेले प्रतिजैविक मित्र-जिवाणूंचाही संहार करते. डॉक्टरांनी आवश्यक म्हणून दिलेले औषध मात्र टाळू नये. ते प्राण वाचवते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळाच्या आतड्यातील वस्ती आरंभी वेगळी असते. त्यालाही स्तनपानाचा मोठा आधार मिळतो.

ओडिशातील खेड्यांमध्ये ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी बालकांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू व त्याचे खाद्य दिले. जंतुसंसर्ग वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही बालके स्तनपान करणारी होती, हे विसरू नये. अशी पूड मनानेच देणे धोक्याचे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तसा इशाराही दिला.

परंतु जी माता पहाटे कोयता घेऊन फडात उतरते, तिला स्तनपानाचे महत्त्व केवळ सांगून काय उपयोग? उचल फेडण्याच्या ओझ्याखाली तिचा प्रत्येक तास मोजला जातो. तिला फडाजवळ सावली हवी, बाळाला पाजण्यापुरती उसंत हवी, कोपीवर शुद्ध पाणी हवे आणि गावात सुरू झालेले लसीकरण कारखान्याच्या तळावरही पुढे चालू राहायला हवे. मुकादम, कारखाना, अंगणवाडी आणि सेवाभावी कार्यकर्ते यांनी मनावर घेतले, तर यातले काहीही अशक्य नाही.

साखरेचा गोडवा घरोघरी पोहोचतो. तो पोहोचवणाऱ्या मातेच्या बाळाला आईचे दूध निवांतपणे मिळावे, एवढे ऋण तरी समाजाने फेडलेच पाहिजे.