माळ पडीक नाही

मंडळी, सहलीला जायचं म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर आठवतं, नाहीतर कोकण. आज आम्ही आपल्याच बारामती तालुक्यातली एक जागा सांगणार आहोत. सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव त्याला दिलं आहे. अभय म्हणजे भीती नसणं. जनावरांना भीती नाही असं रान, ते अभयारण्य. सरकारनं १९९७ साली ते राखून ठेवलं. ते लहानच आहे, सुमारे पावणेतेराशे एकर.

तिथं दाट झाडी शोधू नका. आपल्याकडं पाऊस कमी. म्हणून तुरळक बाभळी, बोरी आणि बाकी गवत. नवखा माणूस म्हणतो, "हा तर पडीक माळ!" आम्हाला हा शब्द मुळीच पटत नाही. इतके जीव जिथं पोट भरतात, ती जमीन पडीक कशी?

चिंकाराच बघा ना. हे लहानसं हरीण, रंग मातीसारखा. नराला शिंगं असतात, तशी मादीलाही असतात. गवतातल्या नि पाल्यातल्या ओलीवर ते पुष्कळ दिवस पाण्यावाचून काढतं. त्याला संशय आला की ते पुढचा पाय आपटतं आणि शिंकल्यासारखा आवाज करतं. तो आवाज ऐकला की तिथंच थांबावं. पुढं गेलात तर ते पळालंच म्हणून समजा! त्याची शिकार करणं हा १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

चिंकाऱ्याची आई पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. एकटं पाडस दिसलं की लोकांना दया येते. ते उचलून घरी आणतात. अहो, आई जवळच असते! त्याला हात लावू नका. टिटवीसुद्धा उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ती खड्यांत खडा होऊन जातात. म्हणून पायवाट सोडून चालायचं नाही.

सहलीची माणसं उरलेलं अन्न टाकून येतात, त्याचा आम्हाला फार राग येतो. त्या वासावर मोकाट कुत्री येतात. मग ती टोळी करून चिंकाऱ्यामागं लागतात. कुत्र्यांचे रोग लांडग्यांनाही लागतात. तेव्हा भाकरी बांधून न्या, पण उरलेला तुकडा परत आणा. आणि आपला कुत्रा घरी बांधून ठेवा.

इंदापूरकरांना कडबनवाडीचा माळ जवळ. तिथं आणि बारामती तालुक्यातल्या शिरसुफळला वनखात्यानं २०२३ साली गवताळ रानाची सफर सुरू केली. जाण्याआधी वनखात्याकडं चौकशी करावी.

जमीन सपाट, त्यामुळं आमच्यासारख्या म्हाताऱ्या गुडघ्यांनाही चालणं जमतं. मात्र पहाटेच निघा. ऊन चढलं की चिंकारा बाभळीखाली बसतो, मग दिसत नाही. मोबाईलवर गाणी नकोत. दिवाळीनंतर गेलात तर कुसळं धोतराला, लुगड्याला चिकटतात. ती वेचायला घरी आल्यावर अर्धा तास हाताशी ठेवा.